इव्हॉल्व झालेला प्राणी परत मागे कसा न्यायचा?

मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे इंदिरानगरला आला होता. एका दुपारी हातात स्विच (निन्टेन्डोचं गेमयंत्र) घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, रायचूचा परत पिकाचू करायचाय, कुठून करतात?" पोकेमॉन गेममधला पिकाचू हा प्राणी थंडर स्टोन नावाच्या दगडाने इव्हॉल्व होऊन, म्हणजे पुढच्या रूपात जाऊन, रायचू होतो; घाईघाईत त्याने तो दगड वापरला होता आणि आता त्याला तो जुना पिकाचूच हवा होता. पोकेमॉनमध्ये असं करता येत नाही हे सांगितल्यावर त्याचा चेहरा इतका पडला की मला खरंच वाईट वाटलं. मग दुसऱ्या काही गेममध्ये हे कसं होतं ते त्याला दाखवलं, आणि पोकेमॉनमध्येही त्याच्या जवळपास कसं जाता येतं ते दाखवलं. तेच सगळं इथे नीट लिहितोय.

सगळ्यात आधी आपला गेम कुठल्या जातीचा आहे ते बघा. काहींमध्ये मागे जाणं हा गेमचाच भाग असतो, डिजिमॉन स्टोरी त्यातला. काहींमध्ये एकदा पुढे गेलं की कायमचं, मेन सिरीजचे पोकेमॉन गेम तसे. आणि पत्त्यांच्या गेममध्ये तर समोरच्याचा प्राणी मागे नेणं हे चक्क हत्यार आहे. मेगा इव्हॉल्यूशन, म्हणजे लढाईपुरतं मिळणारं जास्त ताकदीचं रूप, जे २०१३ च्या पोकेमॉन एक्स आणि वायमध्ये आलं, ते यात धरू नका. लढाई संपली की ते आपोआप उतरतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. (एक मजेशीर गोष्ट म्हणजे पोकेडेक्समध्ये (गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात) लिहिलंय की स्लोब्रोच्या शेपटीला चावून बसलेला शेल्डर हा शिंपला सुटला तर स्लोब्रो परत आधीच्या रूपात, म्हणजे स्लोपोक होतो, पण गेममध्ये तुम्ही काहीही करा, तो शेल्डर सुटत नाही.)

आता डिजिमॉन. मी सांगतोय ते डिजिमॉन स्टोरीमधल्या सायबर स्लूथ या गेमबद्दल, जो २०१५ ला जपानात आला आणि २०१९ ला कम्प्लीट एडिशन म्हणून पीसी आणि स्विचवर आला. यात मागे नेण्याला डी-डिजिव्हॉल्व म्हणतात, आणि नवीन खेळणारे हमखास ते टाळतात कारण लेव्हल परत १ वर येते. इतकी मेहनत केली आणि परत १? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण आमच्या काकांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर ती बाग ज्याने बघितलीय त्याला हे पटकन कळेल. पान नाही, काडी नाही, नुसते ओलांडे (वेलीचे आडवे जाड फाटे) उघडे, नवख्या माणसाला वाटतं बाग गेली. पण ताकद खोडात आणि ओलांड्यात साठलेली असते, त्यातूनच नवी काडी फुटते, त्या काडीत सूक्ष्म घड तयार होतो आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की तोच घड बाहेर येतो. खरड छाटणी टाळली तर पुढचा माल बिघडतो. डी-डिजिव्हॉल्व अगदी हेच आहे, आणि इथला ओलांड्यातला साठा म्हणजे एबीआय.

एबीआय हा आकडा प्रत्येक डिजिमॉनच्या माहितीत दिसतो. पुढे नेलं तरी वाढतो, मागे नेलं तरी वाढतो, आणि मागे नेल्यावर जास्त वाढतो. किती वाढणार ते त्या वेळच्या लेव्हलवर असतं. जास्तीत जास्त २०० पर्यंत जातो. एबीआय वाढला की लेव्हलची मर्यादा वर जाते, गेममधल्या फार्मवर ट्रेनिंग देऊन स्टॅट्स (ताकद, वेग वगैरेंचे आकडे) किती वाढवता येतील ती मर्यादाही वर जाते, आणि बऱ्याच मेगा (म्हणजे अगदी वरच्या पायरीच्या) डिजिमॉनच्या अटींमध्येच ठराविक एबीआय मागितलेला असतो. म्हणजे मागे गेल्याशिवाय शेवटपर्यंत पोचताच येत नाही.

करायचं असं. समजा सुरुवातीला मिळणाऱ्या तिघांपैकी तुम्ही टेरियरमॉन घेतला आणि तो गार्गोमॉन झालाय.

१. आधी सेव्ह करा. हे न चुकता.

२. गार्गोमॉनची मूव्ह्जची (लढाईतल्या डावांची) यादी बघा. नवीन मूव्ह दोन-तीन लेव्हलवर असेल तर थांबा, आधी ती शिकून घ्या. कारण लेव्हल वाढून शिकलेल्या साध्या मूव्ह्ज पुढच्या-मागच्या सगळ्या रूपांत सोबत येतात, पण त्या जातीची स्वतःची खास मूव्ह असते ती मागेच राहते, आणि सपोर्ट स्किल, म्हणजे टीमला आपोआप मिळणारा फायदा, तोही जातीप्रमाणे बदलतो. म्हणजे सपोर्ट स्किलसाठीच ठेवलेला डिजिमॉन असेल तर दोनदा विचार करा.

३. लेव्हल शक्यतो मर्यादेपर्यंत न्या. लेव्हल १२ ला मागे नेलं आणि ३० ला नेलं यात एबीआयचा चांगलाच फरक पडतो. बरेच जण इथेच कंटाळून लवकर मागे नेतात आणि मग म्हणतात याचा काही फायदाच नाही.

४. डिजिलॅबमध्ये, म्हणजे गेममधल्या डिजिमॉनच्या प्रयोगशाळेत, तिथल्या मिरेईकडे जा आणि डिजिव्हॉल्वचा पर्याय उघडा, तिथेच मागची रूपंही दिसतात. बऱ्याच डिजिमॉनच्या खाली एकापेक्षा जास्त रूपं असतात, आणि खरी गंमत इथे आहे, कारण आलेल्या वाटेनेच परत जायची सक्ती नाही. एका फांदीने वर जायचं, दुसऱ्या फांदीने खाली यायचं, आणि तिथली एखादी हिलिंगची मूव्ह शिकून परत आपल्या फांदीवर जायचं. ज्या डिजिमॉनला स्वतःला हिलिंग कधीच येत नाही त्याच्याकडे ती मूव्ह बघून समोरचा चक्रावतो.

५. मागे नेल्यावर लगेच मोठ्या लढाईत उतरवू नका, लेव्हल १ वर तो टिकत नाही. टीममध्ये दोन-तीन दणकट डिजिमॉन पुढे ठेवा आणि याला राखीवमध्ये बसवा, राखीवमध्येही एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतो. प्लॅटिनमन्यूमेमॉन हा डिजिमॉन जमवता आला तर फारच सोपं होतं, कारण त्याच्या सपोर्ट स्किलने एक्सपी भराभर वाढतो. शिवाय खालच्या रूपाला मेमरी (टीममध्ये किती डिजिमॉन मावतील ते ठरवणारा आकडा) कमी लागते त्यामुळे टीममध्ये जागाही सुटते, हा फायदा सुरुवातीला मेमरी कमी असताना फार उपयोगी पडतो.

असे तीन-चार फेरे केले की तोच डिजिमॉन आधीपेक्षा वेगळाच वाटायला लागतो. फार्मवरच्या ट्रेनिंगने मिळालेले बोनस स्टॅट्सही पुसले जात नाहीत. माझं मत विचाराल तर प्रत्येकाला असं वरखाली करू नका, आवडते दोन-तीन निवडा आणि त्यांच्यावरच वेळ घालवा.

पत्त्यांचं थोडक्यात सांगतो. रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडला एका मित्राच्या घरी आम्ही चार-पाच जण पोकेमॉनचे पत्ते खेळतो. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमध्ये डिव्होल्यूशन स्प्रे नावाचा पत्ता होता, तो आपल्याच पोकेमॉनवर वापरायचा आणि झोप, गोंधळ असले त्रास त्याने निघून जायचे. २०२३ च्या पॅराडॉक्स रिफ्टमधला टेक्निकल मशीन डिव्होल्यूशन मात्र समोरच्यावर चालतो. आपल्या पुढच्या पोकेमॉनला तो जोडायचा, एक एनर्जीचा पत्ता असला की पुरे, आणि हल्ला केला की समोरच्याच्या प्रत्येक इव्हॉल्व झालेल्या पोकेमॉनवरचा सगळ्यात वरचा पत्ता त्याच्या हातात परत जातो. महत्त्वाचं हे की लागलेलं डॅमेज तसंच राहतं. समोर ३३० एचपीचा, म्हणजे तेवढं डॅमेज सोसणारा, चारिझार्ड ईएक्स आहे, रेअर कँडीने (मधली पायरी गाळणाऱ्या पत्त्याने) थेट चारमँडरवरून आणलेला, आणि त्याच्यावर आधीच ८० डॅमेज बसलंय. वरचा पत्ता निघाला की खाली उरतो तो ७० च्या आसपास एचपीचा चारमँडर, म्हणजे तिथेच आडवा. म्हणून आधीच्या दोन-तीन चालींत डॅमेज थोडं थोडं सगळ्यांवर पसरून ठेवायचं आणि मग हा पत्ता काढायचा. प्राइझ, म्हणजे समोरचा पोकेमॉन पाडल्यावर मिळणारा बक्षिसाचा पत्ता, मात्र चारमँडरचं एकच मिळतं, ईएक्सची दोन नाही, हा हिशोब आधी करून ठेवा. आणि डिजिमॉनच्या पत्त्यांतही डी-डिजिव्हॉल्व आहे, पण ते लेव्हल ३ च्या खाली नेत नाही.

आता भाच्याचा रायचू. त्याचा गेम पोकेमॉन स्कार्लेट होता, तिथे मागे नेणं नाही, पण अंडं मिळवता येतं. टीममध्ये फक्त रायचू आणि एक डिट्टो (जवळपास कोणाबरोबरही अंडं देणारा पोकेमॉन) ठेवायचा, बाकी सगळे बॉक्समध्ये. पिकनिक लावायची, शक्यतो आधी एग पॉवर देणारं सँडविच खायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने टेबलाजवळची बास्केट उघडून बघायची. अंड्यातून पिचू, म्हणजे पिकाचूचं आधीचं रूप, निघतो. रायचूचा नेचर (स्वभाव, ज्यावर काही स्टॅट्स कमी-जास्त होतात) आवडता असेल तर त्याच्या हातात एव्हरस्टोन हा दगड द्या, नेचर तोच येतो, आणि डिट्टोकडे डेस्टिनी नॉट ही वस्तू दिली तर आईबापाच्या आयव्हींपैकी (जन्मजात ताकदीच्या आकड्यांपैकी) पाच खाली उतरतात. पिचूला पिकाचू व्हायला मैत्री लागते, त्यामुळे त्याला सोबत फिरवा, पिकनिकला न्या, आणि मग लेव्हल वाढू द्या. या वेळी पिचूला एव्हरस्टोन देऊ नका, तो दगड धरलेला पोकेमॉन इव्हॉल्व होत नाही, मग तो पिकाचूच होणार नाही. पिकाचू झाल्यावर काही धरायला द्यायची गरज नाही, थंडर स्टोनशिवाय तो स्वतःहून पुढे जात नाही.

हा तोच जुना पिकाचू नाही, हे मी भाच्याला आधीच सांगितलं होतं, त्याचं टोपणनाव आणि मिळालेल्या रिबन (बक्षिसाच्या खुणा) यात येत नाहीत. अंडं फुटायला आम्हाला जेवणापर्यंत वेळ लागला. त्याने पिचूला जुन्या पिकाचूचंच नाव दिलं, आणि रायचूला बॉक्समध्ये टाकायला नको म्हणाला, आता दोघंही टीममध्ये शेजारी शेजारी असतात.