घरी शिकणाऱ्या मुलांच्या क्षेत्रभेटी: कुठे जावं आणि कसं

निघोजला कुकडी नदीच्या पात्रात माझा धाकटा पोटावर पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात दंडापर्यंत खडकातल्या एका खळग्यात होता. मोठे रांजणखळगे दुरूनच बघायचे, असं ठरलं होतं, म्हणून काठाजवळचा एक छोटासा खळगा त्याने आपलासा केला होता. बराच वेळ चाचपून त्याने तळातून एक गोटा वर काढला. लिंबाएवढा, इतका गुळगुळीत की हातातून सटकावा. ‘‘हा आत कसा पडला?’’ त्याने विचारलं. मोठीने गोटा हातात घेतला, खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘पडला नाहीये. यानेच तो खळगा केलाय.’’

पुराच्या पाण्यात भोवरा होतो, त्यात दगडगोटे गरगर फिरतात आणि काळ्या पाषाणाला घासत घासत रांजणासारखे खड्डे पाडतात. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत आहे. त्या दिवशी मी एक अक्षरही शिकवलं नाही, आणि दोघं ते आजवर विसरलेले नाहीत.

आम्ही पुण्यात राहतो. मुलांना शाळेऐवजी घरी शिकवायला लागून सात वर्षं झाली. नव्याने होमस्कूलिंग सुरू करणारे आईबाप भेटले की पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा असतो आणि दुसरा हटकून हा: मुलांना घेऊन कुठे कुठे जाता? ठिकाणं सांगतेच, पण आधी कसं जायचं ते सांगते. पहिलं वर्ष आम्ही त्यातच घालवलं.

पहिल्या वर्षी मी शाळेची सहल घरी आणली होती. एका दिवसात चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणासाठी प्रश्नपत्रिका, रिकाम्या जागा भरा. मोठी इतकी मन लावून ती भरायची की समोरच्या वस्तूकडे बघायचीच नाही. पाटीवरचं साल उतरवून घ्यायची आणि पुढे. घरी आल्यावर विचारलं, काय आवडलं? म्हणाली, बसमधली खिडकी. त्या दिवसापासून कागद बंद. आता दिवसाला एक ठिकाण, सोबत एकच प्रश्न, आणि जिथे कुणी काम करत असेल तिथे त्याच्या कामाच्या वेळी. वही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची. जे रात्रभर डोक्यात राहिलं तेवढंच लिहायचं किंवा काढायचं.

प्रश्न आधी ठरवून जायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. भाजे लेण्यांचं उदाहरण घ्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरलं की लेणी चालत जाण्याजोगी आहेत. आम्ही एकच प्रश्न घेऊन गेलो होतो: डोंगरात कोरलेल्या दगडी छताला लाकडी फासळ्या कशाला? छत तर पडणार नाही. मुलं चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, उताणी झोपून वर बघत राहिली. थोड्या वेळाने धाकट्याच्या लक्षात आलं की खांबही सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. माझ्या माहेरच्या वाड्याचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत, त्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे उत्तरापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही: हे कोरणाऱ्यांना लाकडाची बांधकामं ठाऊक होती आणि दगडातही त्यांनी त्यांचाच घाट राखला.

कार्ल्याच्या लेण्यांत दुसऱ्या खेपेला गेलो, ब्राह्मी लिपीतली दहा-बारा अक्षरं शिकून. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह, ‘ट’ म्हणजे उजवीकडे उघडा अर्धगोल. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांतले कितीतरी जण धेनुकाकट नावाच्या गावचे. ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मुलं खांबाखांबावर अधिकचं चिन्ह शोधत फिरली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या गावाचं नाव स्वतः वाचता आलं तेव्हा मोठीचा चेहरा कसा झाला होता, तो मी विसरणार नाही. तिथल्याच एकवीरा देवीच्या यात्रेच्या दिवसांत मात्र जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आठवड्यातला मधला दिवस, सकाळी लवकर. शाळा नसल्याचा हा मोठा फायदा आहे, तो पुरेपूर घ्या. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांच्या सहली निघतात, तेव्हा आम्ही प्रसिद्ध ठिकाणांकडे फिरकतही नाही.

सगळ्यात जास्त शिकवणारी आणि जवळजवळ फुकट क्षेत्रभेट कुठली, तर गुलटेकडीचं मार्केट यार्ड. पहाटे जायचं. ट्रक लागलेले असतात, हमाल पाठीवर पोती वाहत असतात, आडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाच्या, गाळ्यावर भाव पुकारले जातात. मुलांना कडेला उभं करायचं, वाटेत यायचं नाही ही सक्त ताकीद. एकदा एका शेतकरीकाकांनी आपली पट्टी मोठीच्या हातात दिली. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो तो हिशेबाचा कागद. वर एकूण वजन, भाव आणि रक्कम. खाली एकेक करून वजा होत गेलेली हमाली, तोलाई, गाडीभाडं. शेवटी हातात पडणारा आकडा. ती तेव्हा शेकडेवारी शिकत होती. तिथेच पोत्यावर बसून तिने वजा होणारी रक्कम एकूण रकमेच्या किती टक्के होते ते काढलं, आणि काकांना विचारलं, ‘‘मग बियाणं आणि खताचे पैसे कुठून काढायचे?’’ काका म्हणाले, ‘‘पोरी, तेच तर.’’ पुढचा महिनाभर घरात येणाऱ्या प्रत्येक भाजीचा भाव आणि यार्डातला भाव शेजारी शेजारी लिहिला जात होता. गणित, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय त्या एका कागदात होते.

नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे, तिथे 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला सगळ्यांना आत सोडतात. 45 मीटर व्यासाच्या एकूण 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मध्यभागी जवळ जवळ, बाकीच्या 16 तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. गर्दी असते, तरी जाच. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण एकच विचारतो: ही तर नुसती जाळी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लाटा भोकांतून निसटत नाहीत का? तिथल्या एका तरुण संशोधकाने धाकट्याला खाली बसवून जमिनीवर लाट काढून दाखवली. लाटेची लांबी भोकापेक्षा पुष्कळ मोठी असली, की तिच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखेच. जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, तबकडी हलकी राहते आणि खर्च वाचतो. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पकता आहे. घरी आल्यावर चाळणी, गाळणी आणि माशाचं जाळं यांवर आमची तीन दिवस चर्चा चालली होती.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आजीला घेऊन जा. हे मी आग्रहाने सांगते. आम्ही दोनदा आपापले गेलो, ठीक वाटलं. तिसऱ्यांदा सासूबाई आल्या आणि सगळं संग्रहालय बोलायला लागलं. अडकित्त्यांच्या कपाटापुढे त्यांनी सुपारी कातरायची रीत हाताने करून दाखवली, पाय घासायची वज्री बघून न्हाणीघरातल्या आंघोळीच्या गोष्टी सांगितल्या. एका माणसाने, डॉ. दिनकर केळकरांनी, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हे सगळं जमवलं आणि 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं, हे ऐकून मोठी बराच वेळ गप्प होती. परत आल्यावर दोघांनी आजीच्या ट्रंकेतल्या वस्तूंची यादी केली, प्रत्येकीपुढे ती कुणाची आणि कशासाठी.

लांबचं एखादं ठिकाण वर्षातून एकदा पुरे. लोणारला, उल्कापाताने झालेल्या विवरातल्या सरोवराला, जाण्याआधी आम्ही हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवले, धुण्याच्या सोड्याने ते लाल होतात हे घरीच पाहिलं. मग सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे म्हणजे काय, ते सांगावं लागलं नाही. तिथे काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते आणि खाली तळ्यात खारं पाणी. एकाच विवरात दोन चवी कशा, हा प्रश्न घेऊन जा आणि मुक्काम करा. एका दिवसात धावून येण्यात काही हशील नाही.

ग्रामसभा बहुतेकांना सुचत नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा होते. गावाकडे घर असेल तर मुलांना मागे बसवा. पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण त्यांना लोकशाहीबद्दल जे सांगेल ते कुठल्याही धड्यात नाही.

आता थोडं व्यवहाराचं. गट चार-पाच मुलांचाच ठेवा. एकदा आम्ही चौदा मुलं घेऊन एका कारखान्यात गेलो. दाखवणारा माणूस ओरडून ओरडून थकला आणि मागच्या मुलांना काहीच दिसलं नाही. काही ठिकाणी दारावरच ‘शाळेचं पत्र कुठाय?’ असं विचारतात, आम्हालाही एकदा तासभर उन्हात उभं करून परत पाठवलं होतं. म्हणून आठवडाभर आधी फोन करा, पालकांच्या नावाने साधं विनंतीपत्र न्या, त्यात मुलांची वयं आणि तुमचा एक प्रश्न लिहा. प्रश्न वाचला की माणसं खुलतात, हा माझा अनुभव आहे. शक्य तिथे एसटीने जा. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट आहे, आणि वेळापत्रक वाचून, विचारून, उभं राहून गाडी पकडणं हेही शिक्षणच. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी. पावसाळ्यात नदीपात्रं, धबधबे, निघोज सगळं वर्ज्य. आल्यावर आभाराचं पत्र मुलांनी हाताने लिहायचं, पोस्टात टाकायचं. मुलांनी चित्र काढून पाठवलेल्या पत्राला खोडदच्या त्या संशोधकाचं उत्तर आलं होतं. ते अजून भिंतीवर आहे.

‘मग अभ्यास कधी करता?’ असं नातेवाईक विचारतीलच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, त्यामुळे घाई नाही. आणि राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्गापासून अलिबागपर्यंतचा. त्यांना तो उघडून दाखवा.

सध्या आमचं कात्रजचं काम चालू आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. ना पंप, ना वीज, फक्त उतार. वाटेत हवा खेळती राहावी आणि आतलं पाणी दिसावं म्हणून जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळापासून वर येणारे उभे झरोके, बांधले. पहिल्या भेटीत आम्ही फक्त तलाव पाहिला, कारण प्रश्न एवढाच होता की एकामागोमाग दोन बांध का. वरच्यात गाळ बसतो आणि निवळ पाणी खालच्यात येतं, हे धाकट्याने बाटलीत माती कालवून स्वतः शोधलं. दुसऱ्या वेळी सदाशिव पेठेतला हौद. मग प्रश्न आला: इतक्या लांबवर उतार मोजला कसा? शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथल्या गवंडीकाकांनी पाणसळ दाखवली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची. मध्ये काहीही असो, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येतं. त्या नळीने मुलांनी आमच्या गच्चीचा उतार मोजला: एका कोपऱ्यापासून पावसाच्या पाण्याच्या भोकापर्यंत चार बोटं. येत्या बुधवारी नळी घेऊन पुन्हा कात्रजला जायचंय. गवंडीकाकांना सुट्टी आहे, तेही येतो म्हणालेत.