मायोटॉनिक डिस्ट्रॉफी: जेवण आणि पोट कसं सांभाळावं

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचा पहिला प्रकार म्हटलं की आवळलेली मूठ पटकन न सुटणं आणि स्नायूंचा अशक्तपणा डोळ्यांपुढे येतो. पण १९ व्या गुणसूत्रावरच्या डीएमपीके जनुकातला हा दोष घसा आणि आतड्यांच्या स्नायूंनाही सोडत नाही. माझ्या दादाला हा आजार आहे. "गिळायला त्रास होतो का?" असं विचारलं की तो "नाही" म्हणायचा. लपवत नव्हता, त्रास इतका सावकाश वाढला होता की अंगवळणी पडला होता. म्हणून विचारण्याआधी बघा.

१. आठवडाभर जेवताना शेजारी बसा. जेवण लांबतंय का, घासागणिक पाणी लागतं का, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का, हे वहीत लिहा. वजन उतरणं, छातीत वारंवार कफ होणं हेही टिपा. ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खोकला न येताही अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

२. ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवायला सांगा. ते फक्त बोलण्याचे नव्हे, गिळण्याचेही तज्ज्ञ असतात. बेरियम मिसळलेला घास घशातून कसा उतरतो, हे एक्स-रेवर पाहता येतं. हनुवटी झुकवून गिळणं किंवा पाणी दाट करून पिणं कुणाला मानवतं, कुणाला नाही. व्हिडिओ पाहून हे प्रयोग करू नका.

३. मग ताटाकडे वळा. कोरडे पोहे, चिवडा, कडक भाकरी अडकतात. पातळ रस्सा आणि त्यात तुकडे, म्हणजे मिसळ किंवा आमटीत मोकळा भात, अनेकांना त्याहून अवघड जातं. आसट भात आणि घट्ट वरण एकजीव कालवून, तांदळाची उकड, मऊ खिचडी हे सहसा सोपं पडतं. ताठ बसवा, घास लहान ठेवा, टीव्ही बंद करा. या आजारात दिवसा पेंग येते; पेंगणाऱ्या माणसाला भरवू नका. जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, आम्ल घशाशी येतं.

४. पोटाचं एकांतात विचारा. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, कधी शौचावर ताबा न राहणं, हे सगळं याच आजाराचं असू शकतं. चारचौघांत कोण सांगणार? इसबगोल घरोघरी देतात, पण गिळण्याचा त्रास असेल तर ते घशात फुगून अडकू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पित्ताशयात खडेही या रुग्णांत जास्त आढळतात. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा.

५. एंडोस्कोपी किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधीच सांगा. गुंगीच्या औषधाने या रुग्णांचा श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. दादाच्या पाकिटात आम्ही निदानाचा कागद ठेवलाय, आधार कार्डाच्या मागे.