ट्रेन सिम्युलेटर घेताय? आधी ॲड-ऑनचं गणित समजून घ्या

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, ट्रेन सिम्युलेटर क्लासिक हा रेल्वे चालवायचा गेम उघडला आणि खाली ॲड-ऑनची, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या रूट-इंजिनांची, लिस्ट बघितली की माणूस हबकतोच, शेकड्यांनी आहेत आणि सगळ्यांची बेरीज केली तर सेकंडहँड गाडी येईल. पण ती बेरीज करायचीच नसते राव. हॉटेलात जाऊन अख्खं मेन्यू कार्ड कोण मागवतं?

आधी ठरवा कुठली रेल्वे आवडते. मी इंग्लंडचा सेटल ते कार्लाइल रूट घेतला, १०० ला १ चढ, त्यात पाऊस, चाकं घसरतायत, आणि खरी मजा गाडी पळवण्यात नाहीच, थांबवण्यात आहे. ब्रेक लावला की लगेच लागत नाही, सोडला की लगेच सुटत नाही, प्लॅटफॉर्म दिसायच्या आधीच अंदाज घ्यावा लागतो. डिझेल गाडीत पिवळा सिग्नल आला की केबिनमध्ये भोंगा वाजतो, दोन-तीन सेकंदात कीबोर्डवरचं क्यू बटण दाबलं नाही तर गाडी स्वतःच ब्रेक मारते. मी चहाचा कप ठेवायला वळलो तेवढ्यात मारला होता.

तर घेताना रूट आधी, इंजिन नंतर, कारण रूटबरोबर थोड्या गाड्या येतातच. आणि पेजवर 'आणखी काय लागेल' ते नीट वाचा. आर्मस्ट्राँग पॉवरहाऊस या ॲड-ऑनवाल्या कंपनीचे, गाड्यांचे आवाज सुधारणारे पॅक भारी असतात, पण मूळ गाडी बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागते. मी असाच एक पॅक मूळ गाडी नसताना घेऊन बसलेलो, चूक माझीच. ट्रेन सिम वर्ल्ड हा वेगळा गेम आहे, इकडचे ॲड-ऑन तिकडे चालत नाहीत.

फुल किमतीत शक्यतो घेऊच नका, विशलिस्टमध्ये टाका आणि उन्हाळी किंवा डिसेंबरच्या सेलची वाट बघा. नाही आवडलं तर १४ दिवसांत रिफंड मागता येतो, पण ॲड-ऑन घेतल्यापासून गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला पाहिजे, म्हणून पहिल्याच दिवशी तपासा.

आणि खिशात काहीच नसेल तर ओपन रेल्स हा दुसरा ट्रेन सिम्युलेटर फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या ट्रेन गेमचे रूट त्यात चालतात. आपल्याकडच्या हौशी पोरांनी डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ ही भारतीय रेल्वेची इंजिनं सुद्धा बनवून ठेवलीत. फाइल्स जागेवर टाकण्यात एक रविवार जातो फक्त.