सायकोलॉजिकल थ्रिलर शॉर्ट फिल्म करताय? या चुका टाळा, नाहीतर भीतीच्या जागी नुसता गोंधळ होतो

विद्यार्थ्यांना सायकोलॉजिकल थ्रिलर करायला आवडतं आणि त्याला कारणही तसंच आहे, दोन कलाकार, एक खोली आणि रात्रीची वेळ एवढ्यावर फिल्म उभी राहते, गर्दी नको, मोठा सेट नको. पण बरेचदा होतं काय की फिल्म संपते, लाइट लागतात आणि बघणारे एकमेकांना विचारत बसतात की म्हणजे शेवटी तो माणूस खरा होता का नव्हता? घाबरलेलं कुणीच नसतं. मी अशा फिल्म्सच्या एडिटला बरीच वर्षं बसत आलेय आणि माझं ठाम मत झालंय की यातल्या बहुतेक अडचणी कॅमेऱ्याच्या नसतातच, त्या एका न ठरवलेल्या गोष्टीतून येतात: या क्षणाला प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत आहे. हे ठरलेलं असेल तर मोबाइलवर शूट केलेली फिल्मसुद्धा घाम फोडते.

सगळा भार शेवटच्या ट्विस्टवर टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबते. टीमला शेवट सुचलेला असतो, तो खरंच चांगला असतो, आणि मग आधीची सगळी मिनिटं त्या शेवटापर्यंत पोचायचा रस्ता म्हणून लिहिली जातात. थ्रिलरसाठी गाजलेल्या दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं ते इथे अगदी लागू पडतं. दोघं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो, पण बॉम्ब ठेवलाय हे त्याला आधीच माहीत असेल तर त्याच कंटाळवाण्या गप्पा १५ मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. शॉर्ट फिल्मवाले यातला धक्का तेवढा उचलतात आणि ताण विसरतात.

एक साधा सीन घेऊ. एकटी राहणारी मुलगी रात्री घरी येते आणि टेबलाजवळची खुर्ची बाहेर ओढलेली आहे. आता हे दोन तऱ्हेनं करता येतं. पहिली तऱ्हा, सकाळी ती घरातून निघताना खुर्ची आत सरकवते हे आपण वाइड शॉटमध्ये नीट दाखवायचं, घाई न करता, आणि रात्री ती खुर्ची बाहेर असताना तिचं लक्षच जाऊ द्यायचं नाही, ती फोनवर बोलत बोलत सरळ त्याच खुर्चीवर बसते. इथे आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही. दुसरी तऱ्हा, सकाळ दाखवायचीच नाही, रात्री ती खुर्चीकडे बघत उभी राहते, आठवायचा प्रयत्न करते, खुर्ची आत सरकवते, दोन पावलं जाते आणि परत वळून बघते. इथे आपण तिच्या डोक्यात आहोत, तिच्याइतकेच अंधारात. दोन्ही तऱ्हा चालतात. चालत नाही ते हे की सकाळचा शॉट घेतला पण इतका ओझरता की निम्म्या लोकांना दिसलाच नाही, आणि मग रात्री तिचा घाबरलेला क्लोजअप, त्यावर म्युझिक. प्रेक्षकाला कळत नाही आपण कुणाच्या बाजूने घाबरायचंय, आणि कळलं नाही की तो मनानं फिल्ममधून बाहेर पडतो.

म्हणून स्क्रिप्ट झाल्यावर एक कागद घ्या, प्रत्येक सीनसमोर दोन रकाने करा, पात्राला काय माहीत आणि प्रेक्षकाला काय माहीत. तीन-चार सीन ओळीनं दोन्ही रकाने सारखेच राहिले आणि नवीन काहीच आलं नाही तर तिथे फिल्म झोपणार, हे शूटच्या आधीच कळतं.

आणि ट्विस्ट ठेवायचाच असेल तर तो दुसऱ्यांदा बघताना टिकला पाहिजे. समजा रूममेट फक्त तिच्या कल्पनेतली आहे असा शेवट आहे, तर मग आधीच्या एकाही सीनमध्ये तिसऱ्या माणसानं त्या रूममेटकडे बघता कामा नये, तिला उत्तर देता कामा नये, दार तिनं उघडलेलं दिसता कामा नये, निदान मुलगी खोलीत नसताना तरी नाहीच. पात्राच्या नजरेतून दिसणारा शॉट खोटं बोलू शकतो, पण जिथे पात्रच हजर नाही तिथला शॉट खोटं बोलला की ती सरळ सरळ फसवणूक आहे आणि प्रेक्षक ती माफ करत नाही. "सगळं स्वप्न होतं" या शेवटाबद्दल एवढंच सांगते की त्यानं तुम्ही आधी उभं केलेलं सगळं पुसलं जातं. त्यापेक्षा शेवट उघडा ठेवा.

आजाराचं नाव फेकून मोकळं होणं

शेवटच्या सीनमध्ये डॉक्टर येतो आणि सांगतो की हिला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून तिच्यात दोन व्यक्ती राहतात. हे चुकीचं आहे हो. स्किझोफ्रेनियात एकात दोन माणसं नसतात, त्यात भास होतात, भ्रम होतात, विचारांची सांगड सुटते. एकापेक्षा जास्त व्यक्तिमत्त्वांचा जो विकार आहे तो पूर्ण वेगळा, त्याला १९९४ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात हे असू शकतं, आणि त्यातले बहुतेक लोक कुणाला काही इजा करत नाहीत. त्यांना खुनी दाखवून आपली फिल्म सुटते पण त्यांचं जगणं अजून अवघड होतं, मला हे मनापासून लागतं.

शिवाय लिखाण म्हणूनही ते कच्चं आहे, कारण आजाराचं नाव आलं की पात्र संपतं. त्यापेक्षा एक नेमकी गोष्ट धरा. सलग झोप न झालेला माणूस, अपराधाची बोच असलेला माणूस, घरातलं कुणीतरी गेल्यावर त्याच्या आवाजाकडे कान लावून बसणारा माणूस. झोप फारच कमी झाली की धडधाकट माणसालाही डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल दिसल्यासारखं होतं, वेळेचा अंदाज चुकतो, यात थ्रिलर भरपूर आहे. आणि आजार दाखवायचाच असेल तर मानसशास्त्र शिकवणाऱ्या किंवा समुपदेशन करणाऱ्या कुणालातरी स्क्रिप्ट वाचायला द्या, शूटच्या आधी.

अंधार पाहिजे म्हणून लाइट बंद करणं

अंधार दिसायला लाइट लागतो. खोलीतले लाइट घालवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवत नेलात की काळा रंग काळा राहत नाही, त्यात दाणे नाचायला लागतात, आणि ऑनलाइन अपलोड केल्यावर कॉम्प्रेशनमध्ये त्याच दाण्यांचे चौकोन होतात. एक टेबल लॅम्प फ्रेममध्ये दिसू दे, चेहऱ्यावर बाजूनं किंवा किंचित मागून एकच लाइट टाका, अर्धा चेहरा जाऊ दे सावलीत, आणि एक्स्पोजर पुरेसं ठेवून काळोख नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड जुळवताना, करा. शूट करताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, अंधाऱ्या खोलीत ती आहे त्यापेक्षा उजळ वाटते, हिस्टोग्राम, म्हणजे फ्रेममध्ये उजेड-अंधार किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा.

फ्लिकरचंही, म्हणजे शॉटमध्ये दिवे लुकलुकताना दिसण्याचंही, आधीच बघून घ्या. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंद शटर, ६० हर्ट्झचा असेल तर १/६०. काही एलईडी दिवे, खासकरून डिमरवर कमी केलेले, तरीही लुकलुकतात, म्हणून एक मिनिटाचा टेस्ट शॉट घेऊन मोठ्या स्क्रीनवर बघा, एडिटमध्ये ते काढणं फार त्रासाचं आहे.

कॅमेराही वेडा, कलाकारही वेडा

वाकडी फ्रेम, हलता कॅमेरा, आरशातला चेहरा, हे पहिल्या मिनिटापासून वापरलं की पाचव्या मिनिटाला हातात काही उरत नाही. फिल्म सरळ सुरू करा, ट्रायपॉडवर, शांत. १८० डिग्रीची लाइन पाळा, म्हणजे दोन पात्रांमधल्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा, अगदी काटेकोर पाळा, आणि ज्या क्षणी तिचा स्वतःवरचा विश्वास सुटतो नेमकी तिथेच एकदा ओलांडा. प्रेक्षकाला नाव सांगता येणार नाही पण काहीतरी सरकलं हे त्याला जाणवेल, मात्र आधी चुकून चारदा ओलांडली असेल तर जाणवणार नाही.

कलाकाराला पण कमी करायला सांगा. डोळे मोठे करून धापा टाकणं म्हणजे भीती नव्हे. लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी रशियात दाखवलं होतं की तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉट्सना जोडला की बघणारा त्यात वेगवेगळ्या भावना वाचतो. म्हणजे खुर्चीचा शॉट नीट असेल तर चेहऱ्यावर नुसतं बघणं पुरतं.

साउंड शेवटी बघू असं म्हणणं

खरी फिल्म इथे बनते किंवा बिघडते आणि नेमकं इथेच सगळे दमलेले असतात. प्रत्येक लोकेशनवर निघायच्या आधी सगळ्यांना गप्प उभं करून निदान ३० सेकंद रूम टोन रेकॉर्ड करा, म्हणजे त्या खोलीचा नुसता आवाज. तो नसेल तर डायलॉगच्या मधल्या जागा कापल्यावर आवाज खड्ड्यात पडल्यासारखा जातो. फ्रिज बंद करा, पंखा बंद करा (फ्रिजमध्ये स्वतःची किल्ली ठेवायची, म्हणजे जाताना चालू करायचं विसरत नाही). रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मोठ्यातला मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, किंचाळण्याच्या टेकला आधी लेव्हल खाली घ्या.

आता म्युझिकचं. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एक घुमणारा ड्रोन (सलग चालणारा एकच सूर) लावून ठेवायचा ही सवय सोडा, कानाला त्याची सवय होते आणि मग तो ऐकूच येत नाही. आधी म्युझिकशिवाय कट करा, पूर्ण, आणि मग बघा कुठे खरंच गरज आहे. भीती आवाज वाढवून जेवढी येते त्याहून जास्त आवाज काढून घेऊन येते. त्या मुलीच्या घरात घड्याळाची टिकटिक पहिल्या सीनपासून असू दे, इतकी बारीक की कुणी लक्ष देणार नाही, आणि ज्या रात्री खुर्ची तिच्या समोर सरकते त्या रात्री टिकटिक नाही. फक्त रूम टोन. पण टाइमलाइनवर संपूर्ण शून्य आवाज ठेवू नका, लोकांना वाटतं स्पीकर बंद पडला. खुर्ची ओढल्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून यायचा असेल तर तो खरंच दुसऱ्या खोलीतून रेकॉर्ड करा, माइक जवळ ठेवून नंतर बारीक केलेला आवाज लांबचा वाटत नाही. आणि सगळी भीती खोल बेसवर ठेवू नका, मोबाइलच्या स्पीकरवर तो बेस वाजतच नाही आणि बरेच लोक तुमची फिल्म मोबाइलवरच बघणार आहेत.

लायसन्सचंही बघा. म्युझिकवर क्रिएटिव्ह कॉमन्स (ठरावीक अटींवर वापरायची मोकळीक) लिहिलंय म्हणजे काहीही चालतं असं नाही, ज्या लायसन्समध्ये नो डेरिव्हेटिव्ह्ज (मूळ कामातून नवीन काही बनवायचं नाही) अशी अट असते ते म्युझिक व्हिडिओला जोडून लावता येत नाही.

शूट झालंय, आता काय करायचं

बरेच जण या टप्प्यावर येऊन अडकतात. लोकांना गोष्ट कळत नसेल तर लगेच व्हॉइसओव्हर लिहायला बसू नका, बहुतेक वेळा एक इन्सर्ट शॉट, म्हणजे एखाद्या वस्तूचा किंवा हाताचा जवळून घेतलेला शॉट, कमी असतो, हात, खुर्ची, कुलूप, आणि तो कलाकाराशिवाय अर्ध्या तासात घेता येतो. घाबरवणारा क्षण लागत नसेल तर त्या क्षणाला हात लावू नका, त्याच्या आधीचा शॉट दोन-तीन सेकंद लांबवून बघा. कंटिन्युइटी चुकली असेल, म्हणजे वस्तू किंवा हात एका शॉटमधून दुसऱ्यात जुळत नसतील, तर हालचालीवर कट करा, डोळा हालचालीमागे जातो. चेहरा फारच काळा आला असेल तर ओढून उजळ करू नका, दाणे वर येतील, उलट अजून काळा करा, पूर्ण सावली होऊ दे आणि श्वासाचा आवाज जवळचा लावा. डायलॉग खराब असेल तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं करून परत बोलून घ्या.

एक गोष्ट मात्र शूटच्या आधीचीच आहे आणि ती विसरून चालत नाही. चाकू रबराचाच हवा, खोटी बंदूक असेल आणि उघड्यावर शूट असेल तर शेजाऱ्यांना आणि पोलिसांना आधी कळवा, रीतसर परवानगी घ्या. गळा दाबायच्या सीनमध्ये ज्याचा गळा आहे त्याच्याच हातात नियंत्रण पाहिजे आणि थांबायचा एक शब्द ठरलेला पाहिजे. रडण्या-किंचाळण्याचा जड सीन झाला की कलाकाराला लगेच पुढच्या सेटअपला उभं करू नका, पाणी द्या, बसू द्या, बोलू द्या.

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, झाला की स्क्रिप्ट न वाचलेली दोन-तीन माणसं बोलवा आणि "आवडली का" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. मध्येच थांबवा आणि विचारा, तुला काय वाटतंय आत्ता काय चाललंय, आणि तिला काय वाटतंय? उत्तरं लिहून घ्या, मध्ये बोलू नका, समजावून सांगू नका, आणि ती उत्तरं तुमच्या त्या दोन रकान्यांच्या कागदाशी ताडून बघा, जिथे जुळत नाहीत तिथलाच कट बदला. मग शक्य असेल तर ज्या हॉलमध्ये दाखवणार आहात त्याच प्रोजेक्टरवर एकदा चालवा, प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि तुमचे सगळ्यात अंधारे दोन सीन तिथे परत ग्रेड करावे लागतील.