वेगासाठी उड्या मारताय? या चुका टाळा

पोलीस भरती जाहीर झाली की सोलापुरातली मैदानं पहाटे पाचलाच भरतात. शंभर मीटरची वेळ कमी व्हावी म्हणून पोरं उड्यांचा व्यायाम, म्हणजे प्लायोमेट्रिक, सुरू करतात आणि तीन आठवड्यांत नडगी धरून बसतात. मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दमेपर्यंत उड्या मारणं. पाय जमिनीवर आदळला की पोटरी आणि टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर) क्षणभर ताणली जाते, स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि लगेच परत देते. हे सगळं पाव सेकंदाच्या आत व्हायला हवं. सुसाट धावताना तर पाय जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद असतो. दमलेल्या पायाला ते जमत नाही. टाच टेकते, 'धप्प' आवाज येतो, साठलेली ताकद जिरून जाते. तो आवाज आला की त्या दिवसापुरतं थांबायचं. नवख्यानं दिवसाला 80 ते 100 वेळा पाय टेकवले तरी पुष्कळ. दहा सेकंद उड्या, मग निदान पन्नास सेकंद विश्रांती. पुढचा उड्यांचा दिवस 48 ते 72 तासांनी. विश्रांती म्हणजे आळस, हे डोक्यातून काढा.

स्टेडियमच्या पायऱ्यांवरून खाली उड्या टाकू नका. उंचावरून उतरून लगेच वर उसळण्याची पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी पुढे आणली, ती आधीच भरपूर ताकद कमावलेल्या खेळाडूंसाठी. तुम्ही दोरीवरच्या उड्या, चवड्यांवरच्या छोट्या उड्या, मग ठोकळ्यावर चढती उडी, या क्रमानं जा.

जागा सपाट, थोडी मऊ हवी. डांबर नको, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत तर घोटा हमखास मुरगळतो. सोलापूरच्या होम मैदानावर जात असाल तर तिथली गड्ड्याची जत्रा उठल्यावर खड्डे, खिळे आधी बघून घ्या.

उतरताना गुडघे आत वळतात का, हे मित्राला समोरून मोबाइलवर टिपायला सांगा. वळत असतील तर उड्या कमी करून बैठका वाढवा.

सकाळी टाच आखडत असेल तर उड्या निम्म्यावर आणा आणि चवड्यांवर सावकाश उठण्याचा व्यायाम करा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. शीर स्नायूंपेक्षा हळू बळकट होते, तिला काही महिने द्या. नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, रात्रीही ठणकतं? मग शेक-मालिश करत बसू नका. उड्या आणि धावणं दोन्ही बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.