पावसाळ्यात बाइकची चेन: या चुका टाळा

मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोटरसायकलच्या चेनचे जेवढे हाल होतात तेवढे वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत होत नाहीत. हिंदमाता किंवा मिलन सबवेला तुंबलेले पाणी, खोदलेल्या रस्त्यांवरचा सिमेंटमिश्रित चिखल आणि किनाऱ्यालगतची खारट हवा हे तिन्ही एकाच प्रवासात तिच्या वाट्याला येऊ शकते. तरीही चेन अकाली निकामी होते तेव्हा दोष केवळ पावसाचा नसतो. पुष्कळदा मालकाने किंवा गॅरेजवाल्याने मोठ्या काळजीने केलेली देखभालच तिला बाधते, कारण वंगण कुठे पोहोचायला हवे आणि चेन किती ढिली हवी, या दोन गोष्टींबद्दल सर्रास गैरसमज आहेत.

चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनभोवती बुश (पोकळ नळी) आणि बुशभोवती फिरणारा रोलर. खरी झीज पिन आणि बुश यांच्यामध्ये होते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. ‘चेन वाढली’ असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तरी शंभराहून अधिक कड्यांच्या चेनची लांबी सेंटीमीटरभर वाढते. त्यामुळे वरून तेलकट चमकणारी चेन आतून कोरडी असू शकते.

पहिली चूक याच चमकेपायी होते. इंजिन ऑइल बदलताना निघालेले काळे, जळालेले ऑइल बाटलीत भरून ठेवायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चेनवर ओतायचे, अशी पद्धत अनेक गॅरेजांत आहे. फुकटचे असल्याने गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. त्या ऑइलमध्ये इंजिनातला धातूचा कीस आणि काजळी मिसळलेली असते, शिवाय ते इतके पातळ झालेले असते की चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच उडून रिमवर आणि टायरवर जाते. साध्या, म्हणजे रबरी रिंग नसलेल्या, चेनला 90 नंबरचे नवे गिअर ऑइल किंवा चेनसाठीच तयार केलेला स्प्रे वापरावा. ग्रीसची कथा उलटी आहे. ते घट्ट असल्यामुळे सांध्यात शिरत नाही, बाहेरच बसते आणि रस्त्यावरची बारीक रेती धरून ठेवते. मग रेती व ग्रीस यांचे मिश्रण पॉलिश पेपरसारखे स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर बसते त्याचे, दाते घासत राहते. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा स्प्रे पाणी हटवायला आणि गंज सोडवायला चांगला आहे, पण त्यावर समाधान मानून गाडी चालवू नये. तो टिकाऊ वंगण नव्हे.

चेन साफ करताना पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका तर असतोच, पण मोठ्या बाइकच्या चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबराच्या बारीक ओ-रिंग असतात, त्या पेट्रोलने खराब होतात. कारखान्यात भरलेले ग्रीस पिनभोवती अडवून ठेवणे हे या रिंगांचे काम असते. एकदा रिंग फाटली की ते ग्रीस बाहेर पडते आणि बाहेरून कितीही तेल घातले तरी त्याची भरपाई होत नाही. तारेचा ब्रश आणि वॉशिंग सेंटरचा जोराच्या पाण्याचा फवाराही याच कारणासाठी चेनपासून लांब ठेवावा. रॉकेल मिळाले तर उत्तम, नाहीतर चेन क्लीनर, नायलॉनचा मऊ ब्रश आणि जुने बनियन एवढ्यावर काम भागते. रॉकेल मागच्या ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर उडणार नाही, एवढे पाहावे.

आणि हे सगळे इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर घेऊन, चाक हाताने फिरवत करावे. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावणारे लोक आजही दिसतात. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले गेले की त्याच्यामागून बोटे जातात, हात काढून घ्यायला वेळ मिळत नाही. याबाबतीत कोणाचीही भीड ठेवू नये.

वंगण लावण्याची वेळ आणि जागा यांकडेही फारसे लक्ष दिले जात नाही. सकाळी ऑफिसला निघताना घाईघाईने चेनवर फवारा मारला आणि लगेच किक मारली, तर त्यातला बराचसा भाग रस्त्यावर जातो. संध्याकाळी घरी परतल्यावर चेन किंचित गरम असते, तेव्हा ती पुसून, कोरडी करून, खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटच्या दात्यांवर बसते तिला, थोडे थोडे वंगण लावावे. चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि वाटेत सांध्यांमध्ये शिरते. नंतर वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवावी. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे, नाहीतर सोसायटीच्या फरशीवरचे डाग पाहून सेक्रेटरी काका सकाळी हजर होतात. कोरड्या दिवसांत साधारण 500 किलोमीटरला हे पुरते. पावसात मात्र किलोमीटर मोजत बसू नये, गाडी पाण्यातून गेली की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चेन पाहावी.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे चेन गरजेपेक्षा जास्त ताणणे. ‘साहेब, एकदम टाइट केली आहे, आता आवाज येणार नाही,’ असे गॅरेजवाला अभिमानाने सांगतो आणि आवाज खरोखरच काही दिवस येत नाही. पण मागचे चाक खड्ड्यातून वर उचलले जाते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेनला सर्वाधिक लांबी लागते. स्टँडवर उभ्या गाडीची चेन आधीच ताठ असेल, तर मागे माणूस बसवून पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून जाताना तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर पडतो. चेन काही हजारांत बदलता येते. इंजिन उघडायचे म्हटले की हिशेब वेगळा होतो. ढिलाई किती हवी हे गाडीच्या पुस्तिकेत, आणि अनेक गाड्यांमध्ये स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरही, दिलेले असते. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर वरखाली मिळून 20 ते 30 मिलिमीटर हालचाल चालते. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते, त्या जागेवरून माप धरावे.

ताण बदलताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते आणि स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने झिजतात. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉडही ओढला जातो, म्हणून शेवटी पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) पाहणे विसरू नये; ब्रेक घासत राहिला तर ॲव्हरेज पडते आणि दोष मात्र पेट्रोल पंपाला दिला जातो.

पूर्ण कव्हर असलेल्या 100 सीसीच्या गाड्यांची चेन सुरक्षित असते, असा समज आहे. कव्हरमुळे चिखल कमी उडतो हे खरे, पण आत गेलेले पाणी आणि जुने काळे वंगणही तिथेच साचते. कव्हरला खाली रबरी बूच असते, ते काढून बोटाने ताण तपासता येतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकेकदा कव्हर उघडून आतला गाळ काढावा.

चेन बदलायची वेळ आली की नाही, हे ओळखायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढून पाहावी. दात्याचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर ती संपली आहे. मापाने पाहायचे तर 428 नंबरच्या चेनचे 20 पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर म्हणजे एक पिच) नव्या अवस्थेत 254 मिलिमीटर भरतात. ते 259 च्या पुढे गेले की वाट पाहू नये. पैसे वाचवण्यासाठी फक्त चेन बदलणे मात्र खोटी काटकसर आहे, कारण झिजलेले वाकडे दाते नव्या चेनलाही लवकर झिजवतात. दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण किटच घालावे. लॉकवाली, म्हणजे क्लिपने जोडलेली, चेन असेल तर लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे.

आवाजावरूनही बरेच कळते. सतत खरखर येत असेल तर चेन कोरडी किंवा गंजलेली आहे. ठरावीक अंतराने एकदाच ‘टक’ होत असेल तर एखादी कडी जाम असण्याची शक्यता जास्त. चाक हाताने फिरवल्यावर ती स्प्रॉकेटवरून उतरताना सरळ होत नाही, वाकलेलीच राहते. वेगाबरोबर वाढणारी बारीक शीळ बहुधा अतिताणाची असते. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर झटका बसत असेल आणि चेनचा ताण योग्य असेल, तर मागच्या हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) रबरे तपासावीत. ती दबलेली असताना चेन आणखी ताणली तरी झटका जात नाही, रबरे बदलल्यावर जातो.