कधी लागणारा, कधी न लागणारा सेल्फ : वायरिंगचे काम शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला मोटारसायकलच्या वायरिंगचे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. साफ बंद पडलेली गाडी सोपी असते. मधूनच येणारा आणि मधूनच जाणारा दोष अवघड असतो, कारण गाडी गॅरेजमध्ये येईपर्यंत तो बहुधा नाहीसा झालेला असतो. सेल्फ, म्हणजे बटण दाबून इंजिन सुरू करणारी मोटर, कधी लागतो आणि कधी नाही, अशा वेळी अंदाजाने आधी बॅटरी, मग रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटारीचा मोठा करंट चालू करणारा स्विच), मग सेल्फ मोटर बदलण्याकडे कल होतो. पार्ट बदलताना कपलर (तारा जोडणारे प्लग) हलतात, टर्मिनल घट्ट होतात आणि गाडी काही दिवस नीट चालते, त्यामुळे दोष सापडला असा खोटा विश्वास बसतो. म्हणून दोष हजर असतानाच मोजमाप घ्यावे, आणि तो हजर नसेल तर त्याला बोलवावे.

आधी गिऱ्हाईकाला सविस्तर विचारावे: सकाळी थंड गाडीला त्रास होतो की लांबून आल्यावर, पावसात की गाडी धुतल्यावर, हँडल कोणत्या बाजूला असताना. गगनबावड्याच्या बाजूने पावसाळ्यात येणाऱ्या गाड्यांच्या कपलरमध्ये पाणी आणि हिरवट गंज वारंवार सापडतो, तर उसाच्या रानातून फिरणाऱ्या गाड्यांचा साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकतो.

मग बटण दाबून आवाज ऐकावा. रिले भराभर कटकट करत असेल तर व्होल्टेज कोसळते आहे, म्हणजे बॅटरी किंवा तिची टर्मिनल पाहावीत. एकदाच ‘टक’ होऊन मोटर फिरत नसेल तर रिलेचे आतले कॉन्टॅक्ट, जाड तारा, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनच्या धातूशी जोडणी) किंवा मोटारीचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) यांच्यावर संशय घ्यावा. काहीच आवाज नसेल तर दोष बहुतेक वेळा बटण, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच), क्लच स्विच किंवा त्यांच्या बारीक तारांत असतो.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा 10 च्या बराच खाली जाऊ नये. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात मीटर लावून सेल्फ मारल्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर अर्थिंग खराब आहे, मग तार वरून कितीही चांगली दिसो. ही तपासणी सेल्फ फिरत असतानाच करायची, कारण भार नसताना एका धाग्यावर टिकलेली तारही मीटरला पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. बारीक तारांसाठी मी टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला छोटा दिवा) वापरतो, तो याच कारणासाठी: त्याला चालायला थोडा करंट लागतो.

दूध घालायला रोज शहरात येणाऱ्या एका गाडीची बॅटरी आणि रिले दोन्ही दुसरीकडे बदलून झाले होते. बॅटरीचे निगेटिव्ह काढून मी रिलेकडून मोटारीकडे जाणारी जाड तार सोडवली, निगेटिव्ह परत जोडले आणि रिलेच्या दोन बारीक तारांमध्ये टेस्ट लॅम्प लावला. बटण दाबून धरून हँडल सावकाश फिरवले. सरळ हँडलला दिवा पेटलेला, डावीकडे शेवटपर्यंत वळवताच विझलेला. दिव्याचे अर्थिंगकडचे टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेल्यावरही तो त्याच जागी विझला, म्हणजे अर्थिंग शाबूत होते आणि बटणाकडून येणारा पुरवठाच तुटत होता. हेडलाइट उतरवून मानेजवळची, म्हणजे हँडल जिथे वळते तिथली, टेप सोडली तेव्हा बटणाची तार वरून अखंड होती, पण हलकेच ओढल्यावर एका जागी रबरासारखी ताणली गेली. आतले तांबे तिथे तुटले होते.

अशा जागी थेट सोल्डर करू नये. सोल्डरने तार ताठ होते आणि वळणावर पुन्हा तुटते. त्याच जाडीच्या लवचिक तारेचा नवा तुकडा घालून दोन्ही जोड वळणापासून दूर, सरळ भागात घ्यावेत आणि त्यांवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवावी. वायरिंगला मानेजवळ पुरेशी ढील ठेवून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवत दिवा एकदाही लुकलुकत नाही हे पाहावे. त्यानंतरच बॅटरीचे निगेटिव्ह पुन्हा काढून जाड तार जोडावी, निगेटिव्ह लावून सेल्फ मारून पाहावा आणि गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यावी.